चंपाबाईंनी माफी मागितली त्याबद्दल

स्त्रियांचा दवाखाना, चिकोडी रस्ता, निपाणी
मंगळवार, ता. ९ ऑक्टोबर १९३४

ती. शामूअण्णास मनूचा सलाम. वि. वि.

आधी काय घडले ते क्रमाने लिहिते.

१. चंपाबाई नावाच्या जैन विधवा बाई गेल्या महिन्याच्या आरंभी तंबाखूच्या वखारीच्या शिडीवरून पडल्या. डाव्या मांडीचे हाड मोडले. त्यांचे दीर नेमगोंडा यांनी बैलगाडीत घालून त्यांना आमच्याकडे आणले.

२. पाय चौकटीत बांधून पलंगाच्या पायथ्याला कप्पीवरून वजन सोडले आहे. नोव्हेंबर संपेपर्यंत त्यांना पलंगावरून उठता येणार नाही.

३. जेवण घरून येई, दिवस मावळायच्या आत. त्यांची मुलगी ब्राह्मी चुलत्याच्या गाडीतून भाकरी घेऊन येई.

४. ता. २४ सप्टेंबर हा त्यांच्या क्षमावणीचा दिवस. दशलक्षण पर्व संपले की जैन माणसे भेटेल त्याला हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावले असेल त्याची क्षमा मागतात. चंपाबाईंना जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी एकेकाला पलंगापाशी बोलावले. शेजारच्या बायका, झाडणाऱ्या अंबुबाई, डॉक्टरबाई, मी.

५. तू त्याच दिवशी मिशनचा प्रचारक म्हणून दवाखान्याच्या महिन्याच्या फेरीला आला होतास. तुलाही बोलावले.

६. तू गुडघे टेकलेस, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस आणि देव पाप्याला क्षमा करतो हे मान्य आहे काय, असे विचारलेस. आल्या माणसाचे मन मोडू नये म्हणून त्या व्हय म्हणाल्या.

७. ता. ३० सप्टेंबरला बेळगावच्या ख्रिस्ती मेळाव्यात तू उभा राहून साक्ष दिलीस की आपल्या दवाखान्याच्या प्रेमाने एका जैन विधवेचे हृदय पाझरले, तिने पापांगीकार केला आणि नाताळात तिचा बाप्तिस्मा होईल.

८. मेळाव्याला निपाणीची माणसे होती. गेल्या गुरुवारपासून डबा बंद आहे. ब्राह्मी आलेली नाही.

हकीकत संपली. आता मत.

अण्णा, तू या पट्ट्यात सहा वर्षे सायकल फिरवतोस. ज्यांना शिकवायला जातोस त्यांच्या वर्षातला एवढा मोठा दिवस तुला ठाऊक नाही. ठाऊक नसणे हा गुन्हा नाही. मी पलीकडच्या पलंगापाशी पट्ट्या गुंडाळत होते, मला विचारता आले असते. पण विचारले असते तर साक्ष हातची गेली असती.

त्या दिवशी क्षमा मागणाऱ्याची उलट क्षमा मागायची असते. आम्ही सगळ्यांनी मागितली. अंबुबाईंनी तर सांगून टाकले की तुमच्या पलंगाखाली मी रोज झाडत न्हाय, वरवर झाडू फिरवते, आणि ते खरे होते. चंपाबाई हसून म्हणाल्या की मला वाकून बघता येत न्हाय हे तुम्हाला बरं ठाऊक. सगळ्या वॉर्डात माफी मागण्यासारखे काही आठवले नाही असा तू एकटाच निघालास. उलट देवाच्या वतीने तीच देऊन मोकळा झालास. हा अधिकार तुला कोणी दिला ते कळव. आमच्याकडे झोपेच्या औषधाची एक मात्रा द्यायची तरी डॉक्टरबाईंची सही लागते.

तू मेळाव्याच्या मंडळींना चूक कळवावीस आणि नेमगोंडांना स्वतः जाऊन भेटावेस. घरात सर्वांना माझी आठवण दे. आहे तो जिव्हाळा ठेवावा.

तुझी बहीण
मनुबाई

*

बेळगाव
सोमवार, ता. १५ ऑक्टोबर १९३४

चि. मनूस शामूअण्णाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र पोचले. बहिणीचे पत्र आहे की फौजदाराचा पंचनामा, हे शेवटची सही पाहीपर्यंत कळेना. तुझ्या रुक्मावहिनीने वाचून विचारले, मनूवन्सं नवऱ्यालाही असेच आकडे घालून लिहिणार काय. मी म्हटले, आधी तसला सोसणारा नवरा मिळू दे. रागावू नकोस. थोरल्या भावाला आठ कलमे लावतेस तर त्याने एवढी चेष्टा करावी.

क्षमावणीचे मला ठाऊक नव्हते, कबूल. पण मनू, देवाला जैनांच्या सणाचा उपयोग करून घेता येत नाही असे तुमच्या नर्सिंगच्या शाळेत शिकवतात काय? बाईने सवयीने हात जोडले असतील. ते माझ्यापाशी का जोडले? त्या घडीला मलाच का तिथे आणले गेले? तू म्हणशील महिन्याची फेरी होती. मी म्हणतो, फेरी कोणाची होती.

देव माणसाला कसा बोलावतो ते मी रोज पाहतो. आभाळातून हाक येत नाही. कोणी पाणी पाजते, कोणी जखम धुते, आणि त्या हातामागे आणखी एक हात आहे हे दुखणेकऱ्याला हळूहळू उमगते. चंपाबाईंचे अंग कोणी पुसले? त्यांच्या आतड्याच्या माणसांनी नाही, तू. कंटाळा न करता, नाक न मुरडता. ते बी तू पेरलेस, आणि उगवून आल्यावर तूच ओरडतेस की हे रान आहे, उपटा. आपण दया करतो ती कशासाठी? दवाखाना नुसता हाडे जोडायला असता तर सरकारी पुरेसा होता.

आप्पांचेच घे. दुष्काळात मिशनच्या कढईतली लापशी मिळाली, त्या वाटीत त्यांना देव दिसला. ती वाटी नसती तर तू आज पांढरी टोपी घालून वॉर्डात फिरली नसतीस, कंग्राळीत शेणी थापत बसली असतीस. ही हकीकत मी प्रत्येक मेळाव्यात सांगतो आणि माणसांच्या डोळ्यांत पाणी येते. काल कंग्राळीला गेलो होतो. तुझे पत्र आप्पांना वाचून दाखवले. तेही तुला लिहिणार आहेत.

नेमगोंडांनी दार लावले तर लावू दे. मागचे दार लागल्यावाचून कोण आत आले आहे? मी काही हात बांधून बसलेलो नाही. विधवागृहात चंपाबाईंसाठी आणि मुलींच्या बोर्डिंगात ब्राह्मीसाठी जागा बोलून ठेवली आहे.

एक गोष्ट घरातली म्हणून लिहितो. डिसेंबरात मला पाळकपदाची दीक्षा मिळायची आहे. चंपाबाईंची साक्ष ऐकूनच मंडळींनी माझे नाव पुढे केले. आता मी उठून चूक झाली म्हणालो तर लोक मला हसतील, त्याचे मला काही नाही. ते देवाच्या कामाला हसतील. एवढे ध्यानात घेऊन गप्प राहा. सगळे आपोआप निवेल.

थंडी सुरू होईल, तुझा खोकला सांभाळ. वहिनीने लोकरीचा गळपट्टा विणायला घेतला आहे. मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझा
शामूअण्णा

*

कंग्राळी
रविवार, ता. २१ आक्टोबर

चि. मनूस आप्पाचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं हाय, डोळं दमल्यात, सावकाश वाच. बटाटं काढून झालं. म्हस गाभण हाय. तुझी आई बरी हाय, गुडघा दुखतोय म्हणत्या आणि दिवसभर फिरत्या.

शामू आलता. तुझं पत्र लई मोठ्यानं वाचला, आम्हाला हसाय यावं म्हणून. तुझी आई हसली. मी काय हसलो न्हाय. मग त्यो म्हटला, आप्पा, लापशीनंच तुमाला देव भेटला का न्हाय, तिला लिहून सांगा. मी म्हटलो, लिहितो. तर आता लिहितो.

लापशी खाल्ली ते खरं. सगळ्या गावानं खाल्ली. म्हातारा पाद्री होता, कढईम्होरं सोता पळी घेऊन हुबा असायचा. मी त्येच्या पाया पडलो आणि म्हटलो, मला तुमच्यात घ्या. त्यो म्हटला, जेव. मी म्हटलो, जेवतो, पर घ्या. तसा त्यो रागावला. म्हटला, उपाशी माणसाची व्हय माझ्या कढईला असती, माझ्या देवाला नसती. तुझं तुला पिकू दे, पोट भरू दे, तवाबी मनात असंल तर चालत ये. त्या साली त्येनं कुणालाबी बाप्तिस्म्याचं पाणी लावलं न्हाय. वरचं सायेब लोक त्येला झापायचं, एवढी माणसं दारात आणि एक नाव न्हाय म्हणून. ह्यो म्हणायचा, मी लापशी वाटाय आलोय.

पुढच्या साली प्लेग आला. माझा थोरला भाऊ भरमू, त्येला काखंत गाठ आली. आम्ही शिवारात झोपडी घालून ऱ्हायलतो. भरमूजवळ जायाला मलाबी भ्या वाटत हुतं, खोटं कशाला सांगू. त्यो पाद्री येऊन त्येच्या उशाला बसला. भरमू तापात सुदीक त्येला म्हटला, मी काय तुमच्यात येणार न्हाय हं, जोतिबाचा माणूस हाय मी, उगा बसू नका. पाद्री म्हटला, ये म्हटलंय कोण तुला, गप पड. आणि रातभर बसला. भरमू वाचला, आणि मरस्तोवर जोतिबाला जात हुता. पाद्री वाटंत भेटला की त्येला इचारायचा, काय भरमू, जोतिबा बरा हाय न्हवं. भरमू म्हणायचा, तुमची आठवण काढत हुता.

त्येच्या पुढच्या सुगीला मी नवं तांदूळ डोक्यावर घेऊन बेळगावला चालत गेलो. त्येच्याम्होरं ठेवलो आणि म्हटलो, आता मी जेवून आलोय. तवा त्येनं मला घेतलं.

देवानं मला कवा बोलावलं ते काय मला सांगता याचं न्हाय. कढईपाशी न्हाय, एवढं नक्की. भरमूच्या झोपडीच्या दारात हुबा हुतो, तवा असंल.

हे तुमी दोघांनीबी कधी इचारलं न्हाईसा. मेळाव्यात काय सांगाय पायजे ते शामू सायेबाच्या मिशनात शिकला.

आता तुला. तुझं पत्र बरोबर हाय पर गार हाय. शामू गाढव असंल, पर त्यो हलकट न्हाय. त्येला माणूस पायजे असतंय, टाळ्या वाजवणारं. ल्हानपणापास्नं तसंच हाय. त्येला ओढून आण, ढकलून देऊ नगं. आईनं सांगितलंय, रातपाळीला चादर अंगाव घे. असंच लिहीत जा, आमचं तेवढंच.

रवळू, तुझा आप्पा

*

स्त्रियांचा दवाखाना, चिकोडी रस्ता, निपाणी
सोमवार, ता. २९ ऑक्टोबर १९३४

ती. शामूअण्णास मनूचा सलाम. वि. वि.

आप्पांचे पत्र सोबत जोडले आहे. वाचून परत पाठव, ते मला ठेवायचे आहे. मेळाव्यात सांगायची हकीकत तुला आता बदलावी लागेल. नवी हकीकत पहिलीपेक्षा चांगली आहे, फक्त तिच्यात कढईला फार काम नाही.

तुझे पत्र मी पुन्हा वाचले. त्यातले एक वाक्य मला पटले. देव जैनांच्या सणाचा उपयोग करील. करील तर त्याची वेळ तो पाहील. डिसेंबरच्या दीक्षेची घाई त्याला नाही, तुला आहे. विधवागृहातल्या जागेबद्दल एवढेच लिहिते की ज्या बाईचे घर मोडलेले नाही तिच्यासाठी खोली पाहून ठेवणे, याला दया म्हणत नाहीत. घर मोडण्याची वाट पाहणे म्हणतात. तू बेळगावात बसून आपोआप निवेल म्हणालास, म्हणून इकडे काय निवले ते कळवते.

डबा बंद झाल्यावर चंपाबाईंनी आमच्या स्वयंपाकातले घेतले नाही. मी जैन दुकानातून चुरमुरे, फुटाणे आणि गूळ आणून देते. पाणी त्या स्वतः आपल्या फडक्यातून गाळून पितात, पडल्या पडल्या, अर्धे उशीवर सांडते. अशा खाण्यावर हाड जुळत नाही. डॉक्टरबाईंनी दूध सांगितले, तर अंबुबाई बस्तीजवळच्या, म्हणजे जैन मंदिराजवळच्या, घरातून रोज तांब्या आणतात, आपला हात न लावता, काठीला अडकवून. त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या म्हणतात, मी काय तिला माझ्या जातीत घेणार हाय व्हय.

शुक्रवारी नेमगोंडा गाडी घेऊन आले. मी त्यांना भांडखोर समजत होते. ते वॉर्डाच्या दारात पायताण काढून उभे राहिले आणि बराच वेळ आत येईनात. मग मला म्हणाले की तुमच्या दवाखान्यात पाय सरळ हुतोय आणि माणूस वाकडं हुतंय, तर आम्हाला आमचं वाकडं पाय असलेलं माणूस बरं. मी सांगितले की कोणी बदललेले नाही. ते म्हणाले की बेळगावात हजार माणसांपुढं तुमचाच भाऊ बोललाय, तुमचं एकटीचं कोण ऐकतंय. त्यांचे म्हणणे असे: चंपाबाई आता घरी आल्या तर त्या आपल्या आहेत हे गाव मानील. दवाखान्यात राहिल्या तर गाव समजायचे ते समजेल, ब्राह्मीला त्यांच्यापुढे येऊ देणार नाही, आणि बाटलेल्या घरची म्हणून पुढे कोणी तिला करून घेणार नाही, म्हणून याच हिवाळ्यात तिचे लग्न लावून टाकतील.

चंपाबाईंना तुझ्या साक्षीबद्दल मी आधीच सांगितले होते. आता दिरासमोर त्यांनी मला विचारले, पाय बांधला त्यो ह्याच्यासाठीच काय, मनुबाई? मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, तुमी न्हाय म्हणणारच, आता मला कसं कळायचं.

अण्णा, त्यांचे मलमूत्र मी काढले ते तू साक्षीत घातलेस, तेव्हापासून ते तुझे झाले.

मग त्यांनी पायाच्या वजनाची दोरी सोडायला सांगितली. मी त्यांना समजेल असे सांगितले: हाड अजून ओले आहे, वजन काढून गाडीत घातले तर टोके एकमेकांवर चढतील, पाय आखूड होईल, मांडीला बाक येईल आणि तो पुढे कधीही निघणार नाही. त्या म्हणाल्या, आखूड पायानं बस्तीत जाता येतंय. पोरीच्या लग्नात बसायलाबी येतंय.

नेमगोंडा खाली बघत होते. त्यांनी मला विचारले की हा पलंग दोरीसकट गाडीत बसंल काय. मी नाही म्हणाले. त्यांनी गाडी डोळ्यांनी मापली आणि पुन्हा तेच विचारले. वहिनीचा पाय मोडावा म्हणून आलेला माणूस असे विचारत नाही. म्हणून मी त्यांना मुदत मागितली. त्यांनी येता शनिवार, ता. ३ नोव्हेंबर, दिला, आणि एक अट घातली. मेळाव्यात जो बोलला त्यानेच त्यांच्या गावी यावे आणि बस्तीच्या अंगणात पंचांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावे की चंपाबाई बाटलेल्या नाहीत, बाटणार असे त्या कधी म्हणालेल्या नाहीत, चूक माझी. कागद चालणार नाही. कागद तुमचे तुमीच लिहिता आणि तुमचे तुमीच छापता, असे ते म्हणाले. हे झाले तर ब्राह्मीला त्याच गाडीत बसवून आईकडे आणतील आणि चंपाबाई हाड जुळेपर्यंत इथे राहतील. न झाले तर शनिवारी गाडी येईल ती त्यांना न्यायला. डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितले आहे की रोगिणीने दोरी सोडायला सांगितली तर ती आपण सोडायची. ती मला सोडावी लागेल, कारण वॉर्ड माझा आहे.

तू लिहितोस की लोक देवाच्या कामाला हसतील. इथे कोणी हसत नाही. गेल्या आठवड्यापासून मी पट्टी बदलायला गेले की बायका माझ्या तोंडाकडे पाहतात, आधी पट्टीकडे पाहत. काल एक नवी बाई आली, तापाची. औषधाचा पेला हातात घेऊन तिने विचारले की पिऊन झाल्यावर काय म्हणाय लागतंय. मी म्हणाले, कडू आहे म्हण. ती हसली नाही. पेला खाली ठेवला. तुझ्या एका साक्षीने नाताळपर्यंत किती जीव मिळतील ते तू मोज. माझ्याकडे पेले परत यायला लागले आहेत.

चंपाबाईंना देव बोलावील की नाही, मला ठाऊक नाही. ते माझ्या कामात येत नाही, आणि खरे सांगायचे तर तुझ्याही नाही. त्याने त्यांना बोलावले तर त्या आपल्या पायांनी येतील, पोट भरलेले असताना, पोरगी घरी सुखरूप असताना, आणि कोणाचे काही देणे नसताना. तोवर आपल्या हाती आलेल्या पायाचे जे करायचे ते करावे आणि तोंड बंद ठेवावे.

तुझी दीक्षा लांबेल. कदाचित होणार नाही. हे मी हलक्यात घेत नाही; तू सहा वर्षे उन्हातून सायकल मारली आहेस आणि तुझ्या मनात खोट नव्हती, घाई होती. आप्पा म्हणतात तुला ओढून आणावे. मला ओढता येत नाही, लिहिता येते. तू आलास तर मी तुझ्याबरोबर त्या अंगणात उभी राहीन. बोलायचे मात्र तूच.

गळपट्टा मिळाला. वहिनीला सांग, ऊब चांगली आहे. तुझ्यावर आहे ती माया मी कमी केलेली नाही, तूही करू नये.

शनिवारी येणार की नाही, तेवढेच एका ओळीत लिही. उत्तर शुक्रवार, ता. २ नोव्हेंबरच्या टपालाने माझ्या हाती यावे.

तुझी बहीण
मनुबाई